कारणाचा रकाना

अ‍ॅडलेड, १७ मे २०२३

लाइल,

आईची शिवणाची मशीन अजून माझ्या पडवीतच आहे. झाकण घालून ठेवलीय, पण वारा समुद्राकडून आला की पावसाची झड आत येते आणि लोखंडाला गंजायला निमित्त पुरतं. मला टीप घालता येत नाही, कार्मेलला येते, म्हणजे मशीन तुझ्या बायकोची. कधी येऊन नेताय ते कळवा. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. एवढंच लिहायचं होतं.

उन्हाळ्यात निळा असणारा आपला तलाव करडा झाला का? मे आला की आई फोनवर दर वर्षी तेच सांगायची, "झाला बाई आपला तलाव राखेसारखा, आता नोव्हेंबरपर्यंत तिकडे फिरकायला नको." माउंट गॅम्बिअर सोडून मला तीस वर्षं झाली आणि अजून मे महिन्यात मला ते वाक्य ऐकू येतं.

पायाचं कसं आहे? कार्मेल सांगत होती की डावं पाऊल आता उचललंच जात नाही, बुटाचं टोक घासून घासून फाटलं. सॉ मिलमध्ये ओल्या फळ्यांची थप्पी अंगावर आली त्याला दोन वर्षं होऊन गेली आणि अजून मणक्याचं ऑपरेशन नाही, म्हणजे कमाल आहे. जानेवारीत भरपाई योजनेचं पत्र आलं तेही तिनेच सांगितलं. दुखणं मणक्यातलं कमी आणि मनातलं जास्त, म्हणून ऑपरेशन नामंजूर, असं काहीतरी. आमच्या ऑफिसचा त्यात हात नाही बरं का. जखमी कामगारांचे कागद आमच्याकडे येतात, आम्ही ते यंत्रात चढवतो. आम्ही नुसते टायपिंगवाले, ठरवणारे दुसरे.

हे उगाच लिहिलं. मशीनचं तेवढं कळव.

ग्लेनिस


अ‍ॅडलेड, ६ जून

लाइल,

उत्तर येईल अशी अपेक्षा नव्हतीच, त्यामुळे रागावले नाहीये. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. एका हातात मांस-बटाटा भरलेली पेस्टी आहे, कागदाला डाग पडला तर तो सॉसचा समज.

आज ऑफिसात एक गंमत झाली. गंमत म्हणजे तशी नाही. आमच्याकडे थुई नावाची नवी बाई आलीय, चाळिशीची. आधी हॉस्पिटलात औषधं द्यायची, उभं राहून गुडघे गेले म्हणून खुर्चीच्या कामाला आली. सकाळपासून माझा तक्ता उघडून बसली होती. तुला तक्ता म्हणजे काय ते माहीत नसेल. केमिस्टकडून आमच्याकडे यादी येते. त्यात औषधाचं नाव असतं, किती मिलिग्रॅम ते असतं, तारीख असते. कशासाठी दिलं ते नसतं, कारण केमिस्टला ते कुणी सांगतच नाही. पण आमच्या पडद्यावर 'कारण' नावाचा एक रकाना आहे. तो कोरा ठेवला की यंत्र पुढचं पान उघडत नाही. लाल चौकट येते आणि टुक करून आवाज होतो. दिवसाला चारशे वेळा टुक ऐकून बघ, वेड लागेल. म्हणून २०१४ साली मी एक तक्ता केला. डावीकडे औषध, उजवीकडे कारण. औषधाच्या खोक्यातल्या कागदावर पहिलं जे कारण छापलेलं असेल ते मी उचलून लिहिलं. नाव टाकलं की कारण आपोआप भरतं. टुक बंद. आमच्या साहेबांनी, ग्रॅहमनी, त्या दिवशी मला बेडकाच्या आकाराचा हिरवा फ्रॉग केक आणून दिला होता, सगळ्यांसमोर.

तर थुई म्हणाली, "ग्लेनिस, हा तक्ता कोणी केला गं?"

"मी. का?"

"एंडेप दहा, आणि समोर नैराश्य?"

"खोक्यात तसंच छापलंय."

"दहा मिलिग्रॅमने कुणाचं नैराश्य जात असतं तर जग सुखी झालं असतं. त्याला सात-आठपट लागतं. दहा देतात नसांच्या आगीला. डोकं धरतं त्याला. नागीण होऊन गेल्यावर जी जळजळ राहते ना, तिला."

मी उठले आणि कप धुऊन आले. कप धुतलेलाच होता. परत आले तर ती पडद्याकडेच बघत होती. म्हणाली, "असे अकराशे लोक आहेत गं."

तुला हे का सांगतेय कुणास ठाऊक. पेस्टी संपली.

ग्लेनिस


अ‍ॅडलेड, ९ जून

लाइल,

मी पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. तीन दिवस घरात येरझाऱ्या घालतेय, कपाटं आवरतेय, आवरलेली पुन्हा आवरतेय. आता लिहून टाकते, नाहीतर पडवी रंगवायला घेईन.

नात्यातल्या कुणाची फाईल उघडायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे. दर जानेवारीत आम्ही त्यावर सही करतो. गेल्या वर्षी जुलैमध्ये मी तुझं नाव टाईप केलं. आई आजारी होती आणि तू फोनवर दर वेळी योजनेला शिव्या घालायचास. मला वाटलं बघावं तरी अडलंय कुठे, जमलं तर मदत करावी. हे खरं आहे. पण बघितलं तेही खरं आहे.

अपघातानंतर योजनेच्या डॉक्टरकडे तू एका कागदावर सही केली होतीस, आठवतंय? माझी आधीची सगळी कागदपत्रं मागवायला हरकत नाही, असा तो कागद असतो. सगळेच करतात, कारण सही केली नाही तर दावा पुढे सरकत नाही. त्या कागदावर त्यांनी तुझ्या केमिस्टकडून दहा वर्षांची यादी मागवली. तिच्यात एक ओळ होती. एंडेप १०, जून २०१५ ते फेब्रुवारी २०१६. कारण: नैराश्य.

ती ओळ वाचून मला आधी वाईट वाटलं, मग राग आला. माझा भाऊ सहा वर्षांपूर्वीच मनाने खचला होता आणि मला कळूही दिलं नाही. आणि आता सगळं खापर मिलवर फोडतोय. दोन आठवड्यांनी आई गेली. अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये चहा चालला होता, तू खुर्चीच्या पाठीला धरून उभा होतास आणि कुणालातरी सांगत होतास की फळ्यांनी पाठ मोडली. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "थप्पी पडायच्या आधीपासूनच तू मनाच्या गोळ्या खात होतास. पाठीचं नाव कशाला घेतोस?"

तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू कप बशीत ठेवलास आणि हळू विचारलंस, "तुला कसं कळलं, ग्लेन?"

मी लॅमिंग्टन केकचं ताट उचललं आणि आत गेले. त्यानंतर आपण बोललेलो नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आज दहा महिन्यांनी देतेय. मी चोरून वाचलं.

आणि दुसरं उत्तर त्याहून वाईट आहे. जे वाचलं ते मीच लिहिलेलं होतं. माझ्या तक्त्याने. जानेवारीतला तुझा नकारही त्याच ओळीवरून आलेला असणार.

तेव्हा तू ते औषध कशासाठी घेत होतास ते मला आठवत नाही. आठवलं तर लिहीन.

ग्लेनिस


अ‍ॅडलेड, २८ जून

लाइल,

कार्मेलचा फोन आला होता. मशीनबद्दल नव्हता.

"अगं ग्लेनिस, तुझी तीन पाकिटं फ्रिजवर आहेत. बंद. उघडू देत नाही आणि फेकूही देत नाही. दूध घ्यायला गेला की एकदा वर बघतो."

"पाय?"

"आता काठी घेतो. चिडचिड तर विचारूच नको. परवा कुत्र्याला म्हणाला, तुला चार आहेत, एक दे."

मला हसू आलं आणि मग फोन ठेवून बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिले. फोन ठेवायच्या आधी तिने आणखी एक सांगितलं होतं. सर्जन म्हणतो नस जितकी जास्त दिवस दबलेली राहील तितकं पाऊल परत येणं अवघड. वर्षअखेरीनंतर ऑपरेशन केलं तरी उपयोग होईल की नाही, तो शब्द देत नाही. त्या नकाराविरुद्ध लवादापुढची तुझी तारीख तीस ऑक्टोबर. तिथे हरलात तर संपलं.

मी ग्रॅहमकडे गेले. थुईला घेऊन गेले. त्यांनी दार लावून घेतलं, नीट ऐकून घेतलं, वाईट माणूस नाही तो. मग म्हणाले, "छान पकडलंत. तक्ता दुरुस्त करा. आजपासून पुढे."

"आणि मागचे?" थुईने विचारलं.

"मागचे निकाल लागलेत. त्यात हात घातला तर प्रत्येक फाईल उघडावी लागेल, आणि प्रत्येकाला सांगावं लागेल की का उघडली. आजपासून पुढे, ग्लेनिस."

मी दुरुस्त केला. दहा मिनिटांचं काम होतं. आता एंडेप दहा टाकलं की 'कारण' मध्ये 'नोंद नाही' असं येतं आणि यंत्र गुमान पुढे जातं. नऊ वर्षांपूर्वीही गेलं असतं, मी विचारलं असतं तर. तुझ्या फाईलमध्ये मात्र ती ओळ आहे तशीच आहे.

थुई जिन्यात म्हणाली, "तुझं कोण आहे त्या अकराशेत?" मी म्हटलं कुणी नाही. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि मी पुढचे दोन मजले पायऱ्या मोजत उतरले.

ग्लेनिस


अ‍ॅडलेड, २० जुलै

लाइल,

आठवत नाही असं लिहिलं होतं. तेही खोटं. थुईच्या तोंडून 'नागीण' शब्द निघाला त्याच क्षणी मला आठवलं होतं, कप धुवायला मी उगाच उठले नव्हते.

२०१५ च्या थंडीत मी आठवडाभर आईकडे आले होते. तू मिलमधून आलास आणि स्वयंपाकघरात शर्ट काढून टेबलाला पकडून उभा राहिलास. उजव्या बरगडीखाली लाल पट्टा, वर बारीक फोड. आई म्हणाली, "नागीण आहे, दोन्ही टोकं जुळली की माणूस जातो." तू म्हणालास, "मग मधे कुठेतरी गाठ मारून ठेव." मी कापसाने कॅलामाईन लावत होते आणि तू दात आवळून शिव्या देत होतास. मी म्हटलं, "बाळंतपणं झालेल्या बायकांसमोर कण्हू नकोस." आईने तुला सँडविच भरवलं, फ्रिट्झच्या मांसाचे काप आणि सॉसचं, सात वर्षांच्या मुलाला भरवावं तसं, कारण तुला हात वर करता येत नव्हता. फोड गेले पण आग राहिली. म्हाताऱ्या डॉक्टरनी लहानशी गोळी दिली, झोपताना घ्यायची. तिचं नाव मला आईनेच फोनवर सांगितलं होतं.

हे सगळं मला माहीत होतं, लाइल. हाताला गुलाबी लोशन लागलेलं होतं माझ्या. आणि तरी पडद्यावर 'नैराश्य' वाचलं तेव्हा मला ती नागीण आठवली नाही. डोळ्यांनी बघितलेल्यापेक्षा मी त्या रकान्यावर विश्वास ठेवला. का, ते मी दीड महिना शोधतेय. मला वाटतं, यंत्रात आहे म्हणजे कुणीतरी तपासलं असेल असं आपण धरून चालतो. ते कुणीतरी मीच होते, हे डोक्यात आलंच नाही.

मी म्हाताऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला. दवाखाना बंद होऊन तिथे आता चष्म्याचं दुकान आहे. जुने कागद एका गोदामात होते. तिथल्या माणसाने सांगितलं, शेवटच्या भेटीनंतर सात वर्षं ठेवतात. तुझी सात वर्षं फेब्रुवारीत भरली. मार्चमध्ये कागद कापून टाकले. चार महिने, लाइल. मी मे महिन्यात तुला मशीनबद्दल लिहीत बसले होते आणि तेव्हाही उशीर झालेला होता.

म्हाताऱ्या डॉक्टरही गेले, आई गेली. तुझी नागीण बघितलेली मी एकटी उरलेय. कार्मेल तेव्हा तुझ्या आयुष्यात नव्हती.

हे पत्र तरी उघड. बाकीची राहू देत फ्रिजवर.

ग्लेनिस


अ‍ॅडलेड, १५ सप्टेंबर

लाइल,

युनियनच्या तुझ्या वकीलबाईंना भेटून आले. त्यांचं ऑफिस खेळण्यांच्या दुकानावर आहे, खालून सारखा कसलातरी भोंगा वाजतो. मी सगळं सांगितलं, फाईल चोरून उघडली तेही. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही साक्ष दिलीत तर नोकरी जाणार."

"माहितेय."

"नुसती नोकरी नाही. चौकशी होईल. शिक्षा काय होईल ते मी सांगू शकत नाही."

"तेही माहितेय. दर जानेवारीत सही करते मी त्याखाली."

"आणि एक. योजनेचे वकील तुम्हाला फाडतील. बहीण आहात, भावासाठी रचून सांगतेय म्हणतील." मग म्हणाल्या, "पण लाइलने हो म्हटल्याशिवाय मी तुम्हाला उभंच करणार नाही. फाईल त्याची आहे."

घरी येऊन कार्मेलला फोन केला. ती म्हणाली, "जुलैचं पाकीट त्याने उघडलं. मी बघितलंच नाही कधी ते, सकाळी फ्रिजवर चारच होती." तिने वकीलबाईंचं म्हणणं तुला तिथल्या तिथे सांगितलं. तू बूट घालत होतास म्हणे, डावं पाऊल हाताने उचलून आत ढकलत होतास. मग म्हणालास, "तिला विचार, या वेळी विचारून करतेय का?"

हो. या वेळी विचारतेय.

लाइल, तुझ्या औषधांबद्दल, तुझ्या फाईलबद्दल, तुझ्या अंगावरच्या नागिणीबद्दल मी परक्या माणसांसमोर बोलू का? सोबत पोस्टकार्ड आहे, तिकीट लावलेलं. दोन चौकटी काढल्यात, हो आणि नाही. तू नाही म्हणालास तर मी गप्प बसेन आणि पुन्हा पत्र लिहिणार नाही. मनातून मला काय वाटतंय ते लिहीत नाही, नाहीतर तो पुन्हा धाकच झाला. लहानपणापासून माझ्या विनंत्या तशाच असतात, आई म्हणायची.

ग्लेनिस


अ‍ॅडलेड, ३१ ऑक्टोबर

लाइल,

काल आपण चार तास एका खोलीत होतो आणि एक अक्षर बोललो नाही, म्हणून हे लिहितेय. तू माझ्याकडे बघितलं नाहीस, पण मी बघत होते. बारीक झालायस.

तुझं कार्ड आलं तेव्हा मी ते वकीलबाईंना नेऊन दिलं होतं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. दोन्ही चौकटी कोऱ्या आणि मधे तुझं ते कोंबडीच्या पायांसारखं अक्षर: "डावी बाजू, ग्लेन. उजवी नाही."

"हे हो आहे की नाही?" त्यांनी विचारलं.

"हो आहे."

"कशावरून?"

"नाही म्हणायचं असतं तर त्याने माझी चूक सुधारली नसती." त्यांना पटलं नाही. रीतसर होकारासाठी त्यांनी तुला वेगळा फोन केला, तेव्हा तू म्हणालास ना, "कार्डावर लिहिलंय की"?

तू सगळं ऐकलंसच, पण त्या योजनेच्या वकिलाच्या आवाजापुढे तुला नीट ऐकू आलं असेल की नाही माहीत नाही, म्हणून लिहून ठेवते. त्याने आधी तो तक्ता माझ्याकडून वदवून घेतला. मग फाईल उघडल्याचं. मग गोड आवाजात म्हणाला, "म्हणजे बाई, एकीकडे नोंद आहे आणि दुसरीकडे तुमची आठवण. लवादाने कशावर विसंबायचं?"

"दोन्ही माझीच आहेत," मी म्हटलं. "नोंद मी ऑफिसात बसून केली, माणूस न बघता. आठवण कापूस हातात धरून झालेली आहे."

"नागीण कोणत्या बाजूला होती?"

"डावीकडे."

"नक्की?"

खोटं बोलणं किती सोपं होतं ते तुला सांगते. नुसतं हो म्हणायचं होतं. मी म्हटलं, "मला उजवीकडे आठवत होती. डावी, हे लाइलने सांगितलं."

तो खूश झाला. "म्हणजे तुमची आठवणसुद्धा चुकते."

"चुकते. पण मी त्याला विचारलं आणि ती दुरुस्त झाली. त्या तक्त्याने नऊ वर्षांत एकाही माणसाला काही विचारलं नाही. अकराशे माणसं आहेत, साहेब. एकालाही नाही."

लवादाच्या मधल्या खुर्चीवरच्या बाईंनी तेव्हा पहिल्यांदा चष्मा काढला. मग त्यांनीच तुला विचारलं की खूण आहे का काही, आणि तू काठी खुर्चीला टेकवून शर्ट वर केलास. डाव्या बरगडीखाली पांढुरके ठिपके होते, पाठीकडे वळत गेलेले. मी एवढ्या वर्षांत विसरले होते की किती लांब होता तो पट्टा. मला रडू आलं. लोकांसमोर रडण्याची मला चीड आहे हे तुला माहीत आहे, म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं होतं. राग नव्हता तो.

ग्रॅहमनी आज सकाळी माझं सामान खोक्यात भरून खाली आणून दिलं. स्वतः आले, कुणाला पाठवलं नाही. चौकशीचं पत्र वेगळं येईल. थुई रस्त्यापर्यंत आली, म्हणाली मागच्या फाईलींबद्दल तिने वर लेखी कळवलंय, तिच्या सहीने. मी म्हटलं तुझीही जाईल. ती म्हणाली, "गुडघे तसेही गेलेत."

निकाल तीन आठवड्यांत. मला घरात बसवत नाही. आज दुपारी पडवी रंगवायला घेतली, शेवटी.

ग्लेनिस


अ‍ॅडलेड, २७ नोव्हेंबर

लाइल,

वकीलबाईंनी शुक्रवारी फोन करून सांगितलं. ती ओळ काढून फाईल पुन्हा बघा असा हुकूम, आणि योजनेच्या नव्या डॉक्टरने दोन दिवसांत लिहून दिलं की दुखणं मणक्यातलंच आहे. ऑपरेशन सात डिसेंबरला, इथे अ‍ॅडलेडला. पाऊल परत येईल का हे सर्जन अजूनही सांगत नाही, तेही त्यांनी सांगितलं. मी फोन ठेवला आणि रंगाचा डबा लाथेने उलटा केला, चुकून. अर्धी पडवी आता निळी आहे आणि तिच्यावर माझी पावलं आहेत. दोन्ही.

माझ्या चौकशीची तारीख फेब्रुवारीत आहे. काय व्हायचं ते होईल. तोवर कोपऱ्यावरच्या बेकरीत सकाळी पाव कापते. तिथे कुठलंच यंत्र टुक करत नाही.

आज टपालात तुमचं पाकीट आलं. वर कार्मेलचं अक्षर होतं, "तलाव निळा झाला, मंगळवारी." आत हॉस्पिटलचा फॉर्म, माझ्या सहीसाठी. वर छापलंय, 'माझी वैद्यकीय माहिती पुढील व्यक्तीस द्यावी.' मी खुर्चीत बसूनच वाचला, उठले नाही, एवढं मला अलीकडे जमलेलं नाही. नाव: ग्लेनिस नॉस्के. नातं: बहीण. कोणती माहिती द्यावी: तू लिहिलंयस, "सगळी."

खोली तयार आहे. कार्मेल आतल्या पलंगावर झोपेल, मशीन मी पुसून तेल घालून तिच्या खिडकीशी ठेवलीय. फ्रिट्झ आणलाय. हात वर करता आला नाही तर भरवीन, आणि शिव्या दिल्यास तर सॉस देणार नाही.

फॉर्मवर खाली शेवटी एक रकाना आहे. 'या व्यक्तीस माहिती देण्याचे कारण.' तो तू कोरा सोडलायस. सवयीने माझं पेन तिथे गेलं होतं, लाइल. मी ते उचललं, खालच्या रेघेवर सही केली आणि कारण आहे तसंच कोरं ठेवून फॉर्म पाकिटात घातला.

ग्लेन